पॅरालीगलचं काम: या चुका टाळा

पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायदेशीर कामं करणाऱ्या साहाय्यकाच्या, हातून मुदत चुकते ती बहुधा आळसामुळे नाही, मोजणी चुकल्यामुळे. ‘आदेशापासून ३० दिवस’ म्हणजे आदेशाच्या तारखेपासून की तो हाती पडल्यापासून? पहिला दिवस धरायचा की सोडायचा? शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर? याची उत्तरं ठिकाणागणिक बदलतात. म्हणून दरवेळी त्या न्यायालयाचा नियम उघडून बघा, मागच्या प्रकरणात काय केलं होतं त्यावर जाऊ नका. डायरीत नुसती तारीख लिहू नका. ती कोणत्या कागदावरून आणि कोणत्या नियमाने काढली तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याला मोजणी तपासता येते. आठवण १४, ७ आणि २ दिवस आधी लावा. दाखल करायचं काम शेवटच्या दिवसावर ठेवलं आणि नेमकी फाइल आकाराच्या मर्यादेत बसली नाही, तर हातात वेळच उरत नाही.

पीडीएफमधला गोपनीय मजकूर झाकायला वर काळा चौकोन काढणारे अजूनही भेटतात. चौकोनाखाली अक्षरं जशीच्या तशी असतात. निवडा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, झालं उघडं. २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्ट (ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख) यांच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदातला झाकलेला मजकूर असाच बाहेर आला. रिडॅक्शनचं, म्हणजे मजकूर कायमचा पुसणारं, टूल वापरा. पण खूण करून थांबू नका, ‘अप्लाय’ केल्याशिवाय मजकूर पुसला जात नाही. मग मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली लेखक, तारीख अशी माहिती) काढा, नव्या नावाने सेव्ह करा आणि त्या नव्या फाइलमध्ये झाकलेलं नाव शोधून बघा. मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. चुकून तीच जोडून पाठवली जाते.

अशिलाचा फोन येतो: “सही करू ना मी?” इथे “करा, काही होत नाही” म्हणालात की तो कायदेशीर सल्ला झाला आणि परवान्याशिवाय तो देणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. तारीख, कागदांची यादी, प्रकरण कुठवर आलं, हे सांगायला हरकत नाही. सहीबद्दल मात्र “वकिलांना विचारून कळवतो” एवढंच म्हणा आणि प्रश्न अशिलाच्याच शब्दांत वकिलांना लिहून पाठवा. आपल्या भाषेत वळवलात की निम्मा अर्थ गळतो.

निवाड्यांचे दाखले एआयकडून आले असोत की जुन्या अर्जातून, मूळ निवाडा उघडल्याशिवाय पुढे पाठवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे दाखले दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. निवाडा खरा असला तरी तो पुढे फिरवला गेला आहे का, आणि अवतरण त्याच पानावर आहे का, हेही बघावं लागतं.

जोडपत्रांना क्रमांक अगदी शेवटी द्या. मध्येच एक कागद वाढला की पुढचे सगळे सरकतात. मजकुरात ‘जोडपत्र ६’ तसंच राहतं आणि उघडल्यावर भलतंच पत्र निघतं.