परका डास आपल्या भागात घुसलाय का, हे स्वतः कसं बघायचं

डास म्हणजे डास, त्यात आपला कुठला आणि परका कुठला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जिबुतीचं उदाहरण घ्या. 2012 मध्ये त्या देशात मलेरियाचे फक्त 27 रुग्ण होते. त्याच वर्षी तिथे ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास पहिल्यांदा सापडला आणि 2020 मध्ये रुग्णांचा आकडा 73 हजारांच्या वर गेला. सगळं पाप एकट्या डासाचं असेल असं नाही, पण आफ्रिकेतले नेहमीचे मलेरियावाले डास जास्त करून गावाकडच्या डबक्यांत वाढतात आणि हा मात्र भर शहरात, पाण्याच्या टाक्यांत वाढतो, म्हणजे जिथे मलेरियाची फारशी भीती नव्हती नेमका तिथेच तो जाऊन बसला. हा मूळचा भारत, पाकिस्तान, इराण, अरबस्तान या पट्ट्यातला. नंतर इथिओपिया, नायजेरिया, केनिया, घाना इथेही सापडला.

दुसरा नामचीन पाहुणा म्हणजे टायगर डास, एडिस अल्बोपिक्टस. मूळ आग्नेय आशियातला. 1979 मध्ये अल्बेनियात दिसला, 1985 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला, 1990 मध्ये इटलीत जेनोआला. हा काय समुद्र ओलांडून उडत गेला नाही, बहुतेक वेळा जुन्या टायरमधून गेला. टायरच्या आत जरासं पावसाचं पाणी साचतं, मादी पाण्याच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते, मग पाणी सुकलं तरी ती अंडी कित्येक महिने तशीच जिवंत राहतात आणि हजारो किलोमीटर लांब कुठेतरी पाऊस पडला की फुटतात. लकी बांबूच्या रोपांतूनही हेच झालंय. एकदा घुसला की पुढचा प्रवास गाड्यांमधून, कारमध्ये शिरायचं आणि हायवेवरच्या थांब्यावर उतरायचं. स्वतःच्या पंखांवर तो सहसा काही शे मीटरच जातो.

आता मुद्द्याचं. यात फवारणी वगैरे नंतरची गोष्ट, आधी तो आलाय हे कळायला हवं आणि लवकर कळायला हवं. त्यासाठी सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची वस्तू म्हणजे अंड्यांचा सापळा, ज्याला ओव्हिट्रॅप म्हणतात. उडता डास पकडायला पंखेवाले, वासाचं आमिष लावलेले, कार्बन डायऑक्साइड सोडणारे ट्रॅप मिळतात, चांगलेही आहेत, पण सुरुवातीला डास अगदी तुरळक असतात तेव्हा माझं मत विचाराल तर पाच-दहा साधे डबे एका महागड्या मशीनपेक्षा जास्त कामाचे.

अर्धा ते एक लिटरचा काळा प्लास्टिकचा डबा घ्या. काळाच, कारण या माद्यांना अंधारी भोकं आवडतात. साधारण दोन तृतीयांश उंचीवर एक छोटं भोक पाडा म्हणजे पाऊस आला तरी पाणी काठोकाठ भरून अंडी वाहून जाणार नाहीत. त्या भोकाच्या थोडं खालपर्यंत पाणी भरा. मूठभर सुकं गवत पाण्यात आठवडाभर भिजवून, गाळून, दहापट पाण्यात मिसळलं तर माद्या जास्त येतात (वास सहन करायची तयारी ठेवा). मग एक खरखरीत लाकडी पट्टी, डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तसली रुंद काडी चालते, अर्धी पाण्यात अर्धी बाहेर अशी उभी क्लिप लावून ठेवा. गुळगुळीत पट्टी नको. डब्यावर 'डास तपासणी, हात लावू नका' असं लिहा, नाहीतर कोणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात ओतून टाकणार हे नक्की.

जागा निवडणं हे डबा बनवण्यापेक्षा महत्त्वाचं. जमिनीवर, सावलीत, झुडपाच्या बुडाशी, वारा कमी असेल तिथे. छपराची धार पडते तिथे नको, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं पोचतील तिथे नको, आणि बाजूलाच दहा उघडी पिंपं असतील तर तुमच्या डब्याकडे मादी बघणारही नाही, म्हणून ती आधी झाका. घराबाहेरच्या जागांचा विचार करत असाल तर टायरचे ढीग, रोपवाटिका, बंदर, विमानतळ, ट्रक थांबतात ती ठिकाणं, तिथेच परका डास पहिल्यांदा उतरतो. अर्थात परवानगी घेऊनच.

आणि एक नियम कधीही मोडायचा नाही: सात दिवसांच्या आत डबा तपासून रिकामा करायचा. कडक उन्हाळ्यात पाच दिवसांत. गरम हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास सात-दहा दिवसांत होतो, त्यामुळे विसरलात तर तुम्ही सापळा नाही, डासांची नर्सरी चालवताय. गावाला जायचं असेल तर डबा उलटा करूनच निघा. बीटीआय नावाचं अळ्या मारणारं जिवाणूचं औषध मिळतं, त्याचे चार दाणे टाकले तर आणखी निर्धास्त, पण त्याच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका.

तपासताना पट्टी काढा, टिपकागदावर ठेवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पाण्याच्या रेघेच्या जरा वर बघायचं. एडिसची अंडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, काळी, चकचकीत, दोन्ही टोकांना निमुळती, सुटी सुटी चिकटलेली. साध्या डोळ्यांना काजळी उडाल्यासारखी वाटतात. ओल्या बोटाने हलकेच पुसून बघा, धूळ निघते, अंडं सहज निघत नाही. ताजी घातलेली पांढरट असतात आणि काही तासांत काळी पडतात. चपटं, खड्डा पडलेलं दिसलं तर सुकलेलं, टोकाचं झाकण उडालेलं दिसलं तर अळी बाहेर पडलेली, म्हणजे डब्यातलं पाणी आता नीट बघा. पाण्यावर तरंगणारा अंड्यांचा छोटा तराफा दिसला तर तो बहुतेक क्युलेक्स या वेगळ्या गटातल्या डासाचा, आपल्या शोधातला नाही.

पण अंड्यावरून नेमकी जात कळत नाही. अल्बोपिक्टस, इजिप्ती, जापोनिकस या सगळ्या एडिसच्याच जाती, त्यांची अंडी भिंगाखाली भावंडंच वाटतात. त्यासाठी लॅबमध्ये अंडी उबवून किंवा डीएनए तपासून बघतात. घरी उबवायच्या फंदात पडू नका प्लीज, पट्टी सावलीत वाळवून झिपवाल्या पिशवीत घाला, आत कागदावर पेन्सिलने जागा आणि तारीख लिहा आणि तुमच्या भागातल्या कीटकशास्त्र विभागाला किंवा आरोग्य खात्याला विचारून पोचवा.

उडता डास दिसला तर फटका मारू नका. चेपला की अंगावरचे खवले निघतात आणि ओळखायची खूणच जाते. बसलेल्या डासावर पारदर्शक ग्लास ठेवा, खालून कागद सरकवा, रात्रभर फ्रीझरमध्ये. मग पांढऱ्या कागदावर ठेवून पाठीचा वरून फोटो, शेजारी मोजपट्टी. अल्बोपिक्टसच्या काळ्या पाठीवर मधोमध एकच पांढरी सरळ रेघ असते. इजिप्तीच्या पाठीवर दोन बाजूंना बाहेर फुगलेल्या कंसासारख्या रेघा, जापोनिकसच्या पाठीवर सोनेरी रेघा. फक्त पायांवरचे पांढरे पट्टे बघून 'टायगर सापडला' म्हणून ओरडू नका, पट्टेदार पायांचे डास भरपूर आहेत. युरोपात क्युलिसेटा ॲन्युलाटा नावाचा चांगला मोठा डास लोक हमखास टायगर समजतात. हाच डास ऑक्टोबर 2025 मध्ये आइसलँडमध्ये सापडला, त्याआधी तिथे उघड्या निसर्गात डास मिळाल्याची नोंदच नव्हती, आणि तो सापडला कसा तर एका हौशी माणसाने रात्रीचे पतंग बघायला वाइनमध्ये भिजवलेली फीत टांगली होती तिच्यावर.

फोटो टाकायला मॉस्किटो अलर्टसारखी ॲप आहेत, स्पेनमध्ये सुरू झालेलं. 2018 मध्ये स्पेनमधला पहिला जापोनिकस अशाच एका सामान्य माणसाने पाठवलेल्या फोटोतून कळला. तेव्हा 'आपल्या फोटोने काय होणार' हा विचार सोडा.

स्टीफेन्सीसाठी मात्र वरचा डबा उपयोगाचा नाही, ही मादी अंडी थेट पाण्यावर घालते. तिथे टाक्या, हौद, बांधकामावरचं साठवलेलं पाणी तपासावं लागतं. लांब दांड्याचा पांढरा डाव घ्या, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे उभे रहा, कारण सावली पडली की अळ्या बुडी मारतात, आणि कडेकडेने अलगद पाणी उचला. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी म्हणजे ॲनॉफिलिस, डोकं खाली करून लटकलेली म्हणजे एडिस किंवा क्युलेक्स. अळ्या ठेवायच्या तर 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये, लेबल परत पेन्सिलचंच, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

आता वही. हा भाग सगळे टाळतात आणि खरं काम इथेच आहे. प्रत्येक डब्याला नंबर, ठरलेली जागा, ठरलेला वार, आणि काही सापडलं नाही तर ठळक शून्य. रिकामी जागा सोडलीत तर पुढे कोणालाच कळणार नाही की तेव्हा अंडी नव्हती की तुम्हीच गेला नव्हता. 20 डब्यांपैकी 5 मध्ये अंडी म्हणजे 25 टक्के, हा आकडा आठवड्यामागून आठवडे बघायचा. तीन महिन्यांची शून्यं आणि मग अचानक एका डब्यात अंडी, यावरून तो कधी आणि कुठून शिरला ते सांगता येतं. शून्यं नसतील तर फक्त 'आहे' एवढंच कळतं.

अंडी निघालीच तर आसपासच्या 200-300 मीटरमध्ये डबे वाढवा आणि साचलेलं पाणी शोधून ओता, कुंड्यांखालच्या बशा, ताडपत्रीच्या घड्या, टायर, तुंबलेली पन्हाळं.

सीझन संपला की डबे नुसते उपडे करून ठेवू नका. कडक ब्रशने आतून घासा, कडकडीत गरम पाणी ओता, पट्ट्या फेकून दर वेळी नव्या घ्या, नाहीतर गेल्या वर्षीची चिकटलेली अंडी पुढच्या वर्षी पहिल्याच आठवड्यात खोटा पॉझिटिव्ह देतील.