ओठावरच्या विषाणूजन्य फोडांवर प्रकाशोपचार घेताना या चुका टाळा

ओठाच्या कडेला अचानक चुणचुण सुरू होते, काही तासांत तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो आणि काही दिवसांनी त्यावर खपली धरते. घरात त्याला ‘उष्णता झाली’ म्हणतात, पण बहुतेक वेळा हे काम हर्पिस सिम्प्लेक्स टाइप 1 या विषाणूचे असते. मुंबईतल्या अनेक दंतचिकित्सालयांत आता डायोड लेसर, म्हणजे ठरावीक रंगाचा प्रकाश देणारे छोटे उपकरण, असल्यामुळे ‘लेसरने हे कायमचे जाईल का’ असा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. कायमचे जात नाही, कारण हा विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो आणि तिथपर्यंत प्रकाश पोहोचत नाही. वेदना कमी होणे आणि जखम लवकर भरणे एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

त्याआधी आजार नेमका कोणता आहे हे ठरायला हवे, आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. ‘तोंड आले’ या दोन शब्दांत आपण कितीतरी वेगळे आजार एकत्र करतो. गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या मऊ भागावर येणारे पांढरट, लाल कडेचे छाले बहुधा विषाणूमुळे होत नाहीत आणि ते संसर्गजन्यही नसतात. ओठांचे कोपरे चिरतात तेव्हा अनेकदा बुरशी कारणीभूत असते. लहान मुलांच्या तोंडात फोड असून हातापायांवरही पुरळ असेल, तर तो बहुतेक वेळा वेगळ्याच विषाणूंचा आजार असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली तरी तंबाखू, मावा आणि मशेरी सुटलेली नाही, आणि त्यांमुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच दोन आठवड्यांत न भरणाऱ्या कोणत्याही व्रणावर प्रकाश मारून घेऊ नये. पेशींच्या वाढीला चालना देणारा उपचार संशयास्पद जागी करणे धोक्याचे आहे. तिथे आधी तपासणी आणि गरज पडल्यास बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, व्हायला हवी.

आजार हर्पिसच आहे हे ठरले की सगळा खेळ वेळेचा असतो. विषाणूची वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच जोरात असते, त्यामुळे फोड दिसण्यापूर्वीच्या चुणचुणीच्या अवस्थेत लाल किंवा अवरक्त प्रकाशाची सौम्य मात्रा मिळाली तर फायद्याची शक्यता सर्वाधिक असते. प्रत्यक्षात घडते असे, की बुधवारी सकाळी विरारहून गाडी पकडताना ओठ चुणचुणतो, कार्यालयामुळे भेट शनिवारची घेतली जाते आणि तोवर खपली धरलेली असते. दुसरी अडचण दवाखान्यातली आहे. ओठावर फोड असताना दात साफ करण्यासारखी न अडणारी कामे संसर्ग पसरू नये म्हणून पुढे ढकलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे फोनवर ‘बरे झाल्यावर या’ असे उत्तर मिळते. म्हणून फोन करताना आपण त्या फोडासाठीच येत आहोत हे स्पष्ट सांगावे. भेट मिळेपर्यंत डॉक्टरांनी सुचवलेले असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध थांबवून ठेवू नये, कारण त्यांचाही गुण लवकर सुरू करण्यावरच अवलंबून असतो.

फोड भरून आलेले असतील तर काही दंतवैद्य प्रकाशगतिक उपचार करतात. त्यात निर्जंतुक सुईने फोड फोडून त्यावर मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावतात, तो काही मिनिटे मुरू देतात आणि मग साधारण 660 नॅनोमीटरचा लाल लेसर देतात. प्रकाशाने उत्तेजित झालेला रंग ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप तयार करतो आणि ते विषाणूवर आघात करते. ओठावर व्हॅसलीन, लिपस्टिक किंवा मलमाचा थर असेल तर रंग नीट बसत नाही, म्हणून ओठ स्वच्छ ठेवून जावे. नंतर ओठ काही काळ निळसर दिसला तरी घाबरून घासू नये.

प्रकाश म्हटला की कोणताही चालतो, हा समज फार नुकसान करतो. दातातले सिमेंट कडक करणारा निळा दिवा, नखांच्या पार्लरमधला अतिनील दिवा आणि दुकानातला लाल बल्ब यांपैकी एकही या उपचाराची जागा घेऊ शकत नाही. अतिनील किरणांनी तर झोपलेला विषाणू जागा होतो. दिवसभर शिवाजी पार्कवर उन्हात खेळल्यावर ओठ उतणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. त्यांनी एसपीएफ असलेला लिप बाम वापरावा. योग्य प्रकाशाचीही मात्रा जास्त झाली तर परिणाम वाढण्याऐवजी घटू शकतो, त्यामुळे घरगुती उपकरण सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त धरू नये.

दवाखान्यातल्या डायोड लेसरने हिरडीही कापता येते, म्हणून शक्ती किती ठेवली आहे हे विचारण्यात संकोच नको. उपचार चालू असताना ओठ भाजल्यासारखा वाटला तर लगेच हात वर करावा. त्या लेसरच्या तरंगलांबीपासून डोळे वाचवणारा चष्मा रुग्ण, डॉक्टर आणि शेजारी उभे असलेले नातेवाईक या सर्वांच्या डोळ्यांवर हवा. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे चालू असतील तर ते आधीच सांगावे.

घरी आल्यावर खपली खरवडणे आणि मेडिकलच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. खपली गळेपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, कारण नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. रोगप्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आणि तोंडातल्या फोडांमुळे मूल पाणीही पीत नसेल तर त्याच्या पालकांनीही डॉक्टरांकडे जायला थांबू नये. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर निदानासाठी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय गाठता येते. वर्षात सहा किंवा त्याहून अधिक वेळा फोड येत असतील, तर दर वेळी लेसरसाठी धावण्यापेक्षा रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.