डायव्हर घड्याळ जुनं घ्यायचं, तर आधी तबकडी वाचायला शिका

पाणबुड्यांच्या, म्हणजे डायव्हरांच्या, मनगटी घड्याळांचा खरा जमाना १९५३ मध्ये सुरू झाला. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ब्लांपांचं फिफ्टी फॅदम्स आलं, आणि रोलेक्सचं सबमरिनरही त्याच वर्षीचं. ओमेगाचं सीमास्टर ३०० चार वर्षांनी आलं. ही नावं ऐकली की नवखा माणूस थेट तिथेच उडी घेतो. तसं करू नका. ज्यात फसलात तरी घरचं गणित कोलमडणार नाही, असं घड्याळ पहिलं घ्या. सीकोचं ६३०९ त्यासाठी फार चांगलं: दणकट, दीडशे मीटर खोलीचं, आणि सुटे भागही मिळतात. आपल्याकडे घरोघरी रुळलेल्या फेवर ल्युबाच्या डीप ब्लूचाही विचार करा. याच कंपनीचं १९६८ चं बाथी तर पाण्याची खोलीसुद्धा दाखवायचं, पण तो पुढचा पल्ला.

शोध ओळखीतून सुरू करा. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत, आफ्रिकेहून किंवा आखातातून परतलेल्या कुटुंबांत एखादं घड्याळ कपाटात पडलेलं असतं. काका-मावशींना नीट विचारा, भाव सांगताना त्यांना अंधारात ठेवू नका. मांडवीच्या बाजूला बसणाऱ्या जुन्या घड्याळजींशीही बोलत राहा; विकायला काय आलंय, हे त्यांना आधी कळतं.

घड्याळ हातात आलं, की दहा पट भिंग लावा आणि तबकडीवर वेळ घालवा. जुन्या घड्याळाची बरीचशी किंमत तिथेच असते. आपल्या बाजारात रंगवून नवी केलेली तबकडी सर्रास दिसते. तिची अक्षरं भिंगाखाली जाड, कडेला फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेषा कमीजास्त लांबीच्या असतात, आणि स्विस घड्याळात सहाच्या खाली कडेला छापलेलं ‘स्विस’ कधी गायब असतं, कधी तिरकं. अशी तबकडी कितीही चकचकीत दिसली तरी सोडून द्या.

मग अंधारात चमकणारे ठिपके बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरायचे, नंतर १९९० च्या दशकाअखेरपर्यंत ट्रिटियम. ट्रिटियमची ताकद सव्वाबारा वर्षांत निम्मी होते, म्हणून १९७० चं घड्याळ रात्रभर लख्ख उजळत असेल, तर ठिपके नव्याने भरलेले आहेत. दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतोच, तो तबकडीवर धरा: जुनं ट्रिटियम दिवा असेपर्यंत उजळतं आणि बंद करताच जवळजवळ विझतं. काटे आणि तबकडी दोन्हींवरच्या ठिपक्यांचा रंग सारखा पिवळट हवा. एक पिवळा, एक पांढरा असेल तर काटे बदललेत. रेडियमचं घड्याळ घरी उघडू नका. त्याची निघालेली भुकटी श्वासात जाणं घातक आहे.

बेझेल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, फिरवून बघा. नंतरच्या डायव्हर घड्याळांत ती एकाच दिशेने, उलटी फिरते. धक्का लागून सरकली तरी पाण्याखालचा शिल्लक वेळ कमीच दिसावा, जास्त नको, म्हणून. सुरुवातीच्या घड्याळांत मात्र ती दोन्हीकडे फिरायची, तेव्हा तेवढ्यावरून खोट काढू नका. उन्हाने करडी पडलेली बेझेल मला नव्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा धारदार आहेत का, हे बोटाने तपासा. वारंवार पॉलिश केलेली केस, म्हणजे घड्याळाची पेटी, गोलसर होते, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. सीकोच्या मागच्या झाकणावरच्या सहा आकड्यांतला पहिला वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा. ६३०९ हे १९७६ ते १९८८ दरम्यानचं, म्हणजे ‘७’ ने सुरुवात असेल तर ते १९७७ किंवा १९८७ चं. मॉडेलचा क्रमांकही त्याच झाकणावर वाचा आणि तबकडीशी जुळतो का बघा.

घेतल्यावर मशीन साफ करून तेल घालून घ्या. घड्याळजींना आधीच स्पष्ट सांगा: पॉलिश नको, तबकडीला हात नको, आणि काढलेला प्रत्येक भाग मला परत द्या. जुने काटे, जुनी चावी छोट्या डबीत ठेवा. पुढे विकताना तीच डबी भाव धरून ठेवते.

पाण्यात मात्र उतरू नका. रबरी वॉशर जुने झालेले असतात, आणि नवे बसवले तरी दाबाची तपासणी झाल्याशिवाय आंघोळीलासुद्धा घालू नका. बडोद्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. काचेच्या आतून वाफ दिसली, तर त्याच दिवशी उघडून घ्या.