वर्षानुवर्षे उभ्या गाडीचं जाम इंजिन सोडवताना

आधी पत्रा तपासला. इंजिन दुरुस्त करता येतं, पण स्प्रिंग जिथे चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसते ती जागा सडली असेल तर खर्च आवाक्याबाहेर जातो. दारांखालची पट्टी आणि फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. चुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे.

मग इंजिन. स्टार्टर अजिबात मारायचा नाही, पिस्टनभोवतीची गंजलेली रिंग तुटून सिलिंडरला चरे पडतात. सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून साधारण २० मिली ओतलं. (अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, काम उघड्यावरच करा.) तीन दिवसांनी क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून पुढे-मागे हलकेच झोके दिले. जोर लावायचा नाही, हललं नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा वाट. पाचव्या दिवशी फिरलं.

मोकळं झाल्यावर आधी इंजिन ऑइल बदललं, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं. एका सिलिंडरचं कमी आलं. त्यात चमचाभर तेल टाकल्यावर आकडा चढला, म्हणजे तेलाने रिंगांची फट बुजली, दोष रिंगांचा. चढला नसता तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र काढूनच टाका, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल येण्याची बारीक छिद्रं) बुजवतो.