विमान दहाचं, निघायचं पहाटे साडेतीनला

नागपूर ते पुणे सरळ रेषेत साधारण 600 किलोमीटर. तिकिटावर दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते, त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर जागेवर लागणंही धरलेलं असतं. बहिणीच्या बाळंतपणासाठी आईबाबांना आर्णीकडच्या आमच्या गावातून पुण्याला धाडायचं ठरलं, तेव्हा मी हाच दीड तास मोजत बसलो होतो. हिशोब उलटा करायचा असतो.

समजा विमान सकाळी दहाचं आहे. सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि बोर्डिंगचं गेट सुटायच्या 25 मिनिटं आधी. म्हणून आठला पोचायचं. आर्णीहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असं विमानतळ साधारण 180 किलोमीटर, गाडीने साडेतीन तास. विमानतळ वर्धा रोडवरच असल्याने शहरात शिरावं लागत नाही, तेवढी आपल्याकडच्या लोकांची सोय. चहापाणी आणि गाव ते फाट्याचा खड्ड्यांचा रस्ता धरून साडेतीनलाच निघा. पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी जात असेल तर एवढ्यानंही भागत नाही, आदल्या दिवशीच नागपूरला कोणा नातेवाइकाकडे मुक्काम टाका. गाडीवाल्याला डिझेल रात्रीच भरून ठेवायला सांगा. पहाटे त्यानं पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही.

आधार कार्ड अस्सल घ्या आणि तिकिटावर नाव त्यावरचंच टाका. आमच्या आईला सगळं गाव बेबीबाई म्हणते, आधारवर मात्र वेगळंच नाव आहे. मी तिकीट काढताना सवयीनं बेबी टाइप करून बसलो होतो. पैसे भरायच्या आधी दिसलं म्हणून बरं.

सामानाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथंच होते. साध्या तिकिटावर बहुतेक वेळा 15 किलो मोठं सामान आणि हातात 7 किलो. आईची तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ आणि तिखटाचा डबा मिळूनच अकरा किलो भरले. धान्य मोजायच्या काट्यावर पिशवी घरीच वजन करून घ्या. लोणच्याची बरणी हातात नको, झाकणाला कापड बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊच नका, तेलामुळे ते पेट घेतं म्हणून अडवतात. डिंकाच्या लाडवांतल्या किसाला मात्र आम्हाला कोणी हटकलं नाही. पॉवर बँक हातातच. काडीपेटी कुठंच चालत नाही.

आणि चंची. बाबांच्या खिशातली चंची तपासणीत उलटी केली तर सुपारी, चुना, कात आणि त्याखालून पितळी मुठीचा अडकित्ता निघाला. आजोबांचा. तो तिथल्या डब्यात टाकावा लागला. "तू काहून नाही पाह्यलं?" असं बाबा फोनवर म्हणाले, नंतर पुण्याला पोचेपर्यंत बोलले नाहीत. चूक माझीच होती. आता कोणीही निघालं की मी ओसरीवरच खिसे रिकामे करायला लावतो.

गाईचं दूध काढायला शेजारच्या काकूंना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि वासराचं दावं कुठं बांधता तेही दाखवा. पहाटे साडेतीनला त्यांचं दार वाजवायची सोय नसते.