फुकट वकील मिळतो, पण या चुका टाळा

कणकवलीच्या बाजूच्या एक मावशी समन्स घेऊन आल्या, काजूगरांच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून. कागद हाती पडून दीड महिना झालेला. मुंबईतल्या दिराने वाटपाचा दावा लावला होता, आंब्याच्या कलमांच्या बागेसकट. इतके दिवस काय केलंत, विचारलं. “वकील माका परवडाचो नाय, म्हणान गप रवलंय.”

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय सहसा 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवतं, पण उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. “परवडत नव्हता” एवढ्यावर भागेल, असं धरून चालू नका.

दुसरी चूक, “बाग आहे म्हणजे आपण गरीब नाही” असं स्वतःच ठरवून टाकणं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना फुकट वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही. बाईच्या नावावर आंब्याची किती कलमं आहेत, हा प्रश्नच येत नाही. पूर, भूकंप अशा आपत्तीने अडचणीत आलेलेही त्याच यादीत आहेत. 2021 च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालण्याआधी हे विचारा: शंकेला जागा नसेल तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही चालू शकतं.

न्यायालयाच्या आवारात “मी करून देतो” म्हणणारा भेटतोच. त्याला नमस्कार करून पुढे जा. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते आणि रत्नागिरी, ओरोस, अलिबागला जिल्हा प्राधिकरण. फोन करायचा तर 15100. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला हे सगळं त्यांच्याकडून. नेमून दिलेल्या वकिलाने चहापाण्याला मागितले तर मुकाट्याने देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा.

लोकअदालतीत, म्हणजे जिथे वाद तडजोडीने मिटवतात तिथे, मात्र जरा थांबा. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे खरं. पण त्या निवाड्यावर अपील नाही. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांबरोबर गोडीगुलाबीत ठरलेलं सहीसाठी पुढे येतं, आणि गट नंबर एका आकड्याने चुकलेला असतो. सातबारा शेजारी ठेवून वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर सही दुसऱ्या तारखेला करा, कोणी रागावत नाही.

मावशींचा अर्ज त्याच दुपारी लिहिला: सातबारा, आठ-अ, समन्सची झेरॉक्स, आधार. पुढे वकील मिळाला. त्याने कैफियतीसोबत उशीर माफ करण्याचा अर्जही जोडला. मावशींनी पोचपावती पुन्हा त्याच काजूच्या पिशवीत घातली आणि पिशवीला दोन रबर लावले.