गळती बुजवली तरी बिल का उतरत नाही: एअरजेट शेड आणि सायझिंगसाठी

इचलकरंजीत एअरजेट शेड (हवेच्या झोताने बाणा टाकणारे माग, म्हणजे लूम) आणि सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ देऊन सुकवणं) या दोन्हींची युटिलिटी, म्हणजे हवा आणि वाफ, मी सांभाळतो. एकीकडे कॉम्प्रेसर, दुसरीकडे बॉयलर. कारखानदारांची तक्रार दोन्हीकडे सारखीच: माणसं लावून गळती काढली, तरी बिल तेवढंच आलं. तक्रार खरी असते. गळती बुजवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर आणि ट्रॅपच्या (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा वॉल) बायपासवर, म्हणजे ट्रॅपला वळसा घालणाऱ्या नळीवर, करायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आधी हवा. सुट्टीच्या दिवशी सगळे लूम बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू ठेवा. लूमचे हवेचे वॉल (व्हॉल्व्ह) मात्र उघडेच असू द्या. हवा कोणी वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेत राहतो. लोडवर (हवा भरत) किती सेकंद चालला आणि अनलोडवर (मोटर फिरते, हवा भरत नाही) किती, हे मोबाईलवर मोजा. चार-पाच फेऱ्यांची सरासरी काढा. समजा लोड ३० सेकंद आणि अनलोड ९० सेकंद आलं. म्हणजे १२० पैकी ३० सेकंद, २५ टक्के गळती. कॉम्प्रेसर ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवा) असेल तर १२५ सीएफएम हवा नुसती उडून जातेय. ७ बारला स्क्रू कॉम्प्रेसर सीएफएममागे साधारण ०.१८ किलोवॅट घेतो, त्या हिशेबाने साडेबावीस किलोवॅट, दिवसाला ५४० युनिट. नीट राखलेल्या शेडमध्ये हा आकडा १० टक्क्यांच्या आत राहतो.

लगेच दुसरी चाचणी घ्या, या वेळी लूमचे वॉल बंद करून. जी गळती उरली ती पाइपलाइनची, आणि जी कमी झाली ती लूमच्या आतली. एवढं कळलं की फिटरला कुठे पाठवायचं आणि जॉबरला (लूम बघणारा मिस्त्री) कुठे, ते ठरतं. व्हीएफडी कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) सहसा लोड-अनलोड करत नाही. त्याच्या पॅनेलवर लूम बंद असताना किती टक्के हवा जाते ते वाचा.

शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. सरळ पाइपवर वेळ घालवू नका. क्विक कप्लिंग, होज क्लिप, फिल्टर-रेग्युलेटरची वाटी, आट्यांचे जोड, रिले नोझलच्या (बाण्याला पुढे ढकलणाऱ्या) नळ्या आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) वॉल एवढं आधी बघा. रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) ऑटो ड्रेन उघडा अडकलेला असतो आणि पाणी काढतोय असं समजून कोणी तिकडे फिरकत नाही. ३ मिलिमीटरचं एक भोक ७ बारला साधारण ३ किलोवॅट खातं. जोड उघडण्यापूर्वी वॉल बंद करून लाइनमधली हवा सोडून द्या. दाब असताना पाना लावू नका. आणि पाळी सुटताना अंगावरची रुई हवेच्या नळीने झाडायची सवय आजच बंद करा. वीज जाते ते जातंच, पण ती हवा डोळ्यात, कानात, जखमेतून कातडीखाली शिरते. झाडायला ब्रश ठेवा.

आता मुख्य मुद्दा. गळती बुजली की कॉम्प्रेसर जास्त वेळ अनलोडवर जातो, पण अनलोडवरही तो पूर्ण लोडच्या चौथा ते तिसरा हिस्सा वीज घेतच राहतो. म्हणून काम संपल्यावर पॅनेलपाशी या. दोन कॉम्प्रेसर चालत असतील तर एक बंद ठेवता येतो का बघा. मग दाब ०.२ बारने उतरवा, एक पाळी थांबा, सर्वांत लांबच्या लूमवर गेज बघा आणि वेफ्ट स्टॉप (बाणा नीट न गेल्याने लूम थांबणं) वाढलेत का ते जॉबरला विचारा. वाढले नसतील तर आणखी ०.२ उतरवा. एक बार उतरला की ६ ते ७ टक्के वीज वाचते, आणि उरलेली बारीक गळतीही कमी दाबाने कमी वाहते. हेडर (मुख्य पाइप) आणि लांबच्या लूममध्ये अर्ध्या बारपेक्षा जास्त फरक दिसला तर दाब वाढवून तो झाकू नका. फिल्टर चोंदलाय किंवा पाइप अपुरा आहे, तो बदला. आपल्याकडे हवेत रुई उडते, त्यामुळे सक्शन फिल्टर आणि कूलरच्या जाळ्या दर आठवड्याला साफ व्हायलाच हव्यात. कंपनीच्या तक्त्यातली मुदत आपल्या शेडला लागू पडत नाही.

सायझिंगमध्ये पैसा ट्रॅपमधून जातो. सुकवणीच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा ट्रॅप हवा. सगळ्यांना मिळून एकच ट्रॅप लावला की कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये पाणी तुंबतं, सूत ओलं निघतं आणि फ्रंट सायझर (मशीन चालवणारा कामगार) बायपास उघडतो. उघडला की तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. सायझरला दोष देऊ नका, त्याला बीम द्यायचा असतो. ट्रॅप दुरुस्त करा, बायपास स्वतः बंद करा आणि त्याचं चाक काढून ऑफिसात ठेवा. सायफन (आतलं पाणी उचलून काढणारी नळी) असलेल्या सिलिंडरला स्टीम-लॉक रिलीजवाला (नळीत अडकलेली वाफ सोडणारा) बॉल फ्लोट ट्रॅपच घ्या.

ट्रॅप तपासताना नुसत्या तापमानावर जाऊ नका. वाफ आणि ताजं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) जवळजवळ सारखंच गरम असतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाशी धरून ऐका. मेन लाइनवरचा थर्मोडायनॅमिक (डिस्कवाला) ट्रॅप थांबून थांबून टक् करतो. तो सलग खडखडत असेल तर डिस्क झिजली. बॉल फ्लोटमधून सतत बारीक वाहण्याचा आवाज येणं बरोबर आहे, जोरदार सूं आवाज येणं बरोबर नाही. ट्रॅप गार लागला तर आधी स्ट्रेनर (ट्रॅपआधीची गाळणी) उघडून बघा, बहुतेकदा तोच चोंदलेला असतो. अर्थात दोन्हीकडचे वॉल बंद करून, दाब उतरवून आणि गार होऊ देऊनच. परत चालू करताना वॉल हळूहळू उघडा, नाहीतर वॉटर हॅमरने (पाइपातल्या पाण्याच्या तडाख्याने) जोड फुटतात.

७ बारच्या लाइनवर ३ मिलिमीटरचं भोक तासाला २० किलोच्या वर वाफ सोडतं. किलोभर ब्रिकेटात (बॉयलरचं दाबून केलेलं इंधन) चार-पाच किलो वाफ होते असं धरलं तर दिवसाला शंभर किलो ब्रिकेट गेलं. उघड्या फ्लँजांवर काढता-घालता येणारे इन्सुलेशनचे जॅकेट चढवा.

सिलिंडरचं कंडेन्सेट स्वच्छ असतं, ते गटारात सोडू नका, फीड टाकीत (बॉयलरला पाणी देणाऱ्या) आणा. फीडचं पाणी ६ अंशांनी गरम झालं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. टाकीवर थर्मामीटर बसवा आणि फायरमनला दर पाळीला आकडा पाटीवर लिहायला सांगा. आकडा सावकाश चढला तर चांगलं. एकाएकी ९० च्या वर गेला, टाकीच्या व्हेंटमधून वाफेचे लोट निघू लागले आणि फीड पंप आवाज करायला लागला, तर कंडेन्सेटबरोबर ताजी वाफ येतेय. कुठला तरी ट्रॅप उघडा अडकलाय किंवा कोणीतरी बायपास फिरवलाय. तो त्याच पाळीत शोधा.